एका संत्र्यापुरती इटालियन

आमच्या इमारतीत बातमी पसरली की रसवाली मावशी दुसरं लग्न करतेय. नवरा परदेशी. गोरा, उंच, स्वतःच्या बागेचा मालक. हे तपशील कुठून आले ते विचारू नका. बातमीला पाय फुटले की कपडेलत्ते ती वाटेत आपले आपण मिळवते. मूळ एवढंच होतं की इस्त्रीवाला सकाळी कपडे द्यायला गेला तेव्हा मावशीच्या बंद दाराआडून तिचा आवाज आला. ती कुणाला तरी अगदी लाडात आल्यासारखं "दोल्चे, दोल्चे" म्हणत होती. इस्त्रीवाल्याने ते मला सांगितलं. मी फक्त आमच्या हिला सांगितलं. आता हिने पुढे कुणाकुणाला सांगितलं त्याचा जाब मला का विचारता?

खरं काय ते दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण मी वाटी घेऊन साखर मागायला गेलो. आमच्या घरी साखरेचा डबा गच्च भरलेला होता, पण बातमीची खात्री करून घेणं हे शेजाऱ्याचं कर्तव्यच असतं. मावशी ओट्यापाशी उभी होती. समोर नवरा नव्हता, फोनही नव्हता. तळहातावर एक संत्रं होतं आणि त्याच्याकडे रोखून बघत ती म्हणत होती, "अरांचा."

"कोण?" मी विचारलं.

"हे."

"हे तर संत्रं."

"तुमच्यासाठी. साखर वरच्या फळीवर आहे, भोंगेभाऊ. आणि खाली जाऊन सांगा, नवरा आंबट निघाला म्हणून परत पाठवला."

भोंगेभाऊ म्हणजे मी. हे नाव मावशीनेच ठेवलं आणि इमारतीने मला न विचारता ते मंजूर केलं.

तर, मावशी. ती कुणाचीच सख्खी मावशी नाही, म्हणून सगळ्यांची आहे. चौकात औषधांच्या दुकानाला टेकून तिचं रसाचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर एक खिडकी, खिडकीच्या आत मावशी आणि मावशीपुढे हाताने दाबायचं लोखंडी यंत्र. संत्रं फळीवर ठेवायचं, आडवं कापायचं, अर्धुक यंत्राच्या घुमटावर पालथं घालायचं आणि दांडा खाली ओढायचा. आयुष्यभर हेच केल्यामुळे तिचा उजवा दंड डाव्यापेक्षा चांगलाच भरला आहे. शिंपी तिला दोन बाह्या दोन मापांच्या शिवून देतो आणि दर वेळी कुरकुरतो.

"मावशी, माणूस एक आणि मापं दोन."

"बरं आहे ना, तुझी टेप गंजत नाही."

नवरा गेला तेव्हा दीर आला होता समजवायला. बाईमाणसाने चौकात उभं राहणं बरं दिसत नाही, दुकान भाड्याने दे आणि घरी आराम कर, असं त्याचं म्हणणं. मावशीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, त्याला मोठा ग्लास भरून रस पाजला, आणि दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीपेक्षा लवकर उघडलं. पुढे एक जण विजेचं यंत्र विकायला आला. म्हणाला, यात अख्खं फळ टाका, साल, बी, सगळं दळून निघतं. मावशी म्हणाली, "मला संत्र्याचा रस काढायचाय, सूड नाही." आमच्या सोसायटीचे अध्यक्ष एकदा म्हणाले की गच्चीवर साली वाळत घालणं नियमात बसत नाही. ती म्हणाली, "मी कुठे बसवतेय, मी पसरतेय." अध्यक्ष अजून त्या वाक्यात नेमकं काय चुकलं ते शोधताहेत. साली वाळून कधीच डब्यात गेल्या.

थोडक्यात, मावशीला एखादी गोष्ट करू नकोस म्हणणं म्हणजे ती करायला तिला हाताला धरून नेऊन सोडणं. आणि ही चूक या खेपेला केली तिच्या पोटच्या पोराने.

मुलगा एकुलता एक. कितीतरी वर्षं तिकडे, जिथे इटालियन बोलतात तिथे. बायको तिकडचीच. त्यांची मुलगी आता चारेक वर्षांची होत आलेली. दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल असतो, आणि मावशीच्या फोनची काच इतकी तडकलेली आहे की त्यात नात चार तुकड्यांत दिसते, म्हणून तो कॉल माझ्या फोनवर येतो. त्यामुळे मी जे सांगतोय ते ऐकीव नाही, डोळ्यांदेखतचं आहे.

पूर्वी मावशी आपल्या भाषेत धबधब्यासारखी बोलायची. नात अंगठा चोखत ऐकायची, मधेच खुदकन हसायची. बोलायची मात्र नाही. ती कुणाशीच फारसं बोलायची नाही. मग तिच्या बालवाडीत कुणीतरी सुचवलं की दोन-दोन भाषा कानावर पडून मूल गोंधळत असेल, काही दिवस एकच ठेवून बघा. मुलगा घाबरला. घाबरणारच, बाप आहे तो.

"आई, थोडे दिवस तिच्याशी आपल्या भाषेत बोलू नकोस," तो म्हणाला. "तुला काय सांगायचं ते मला सांग, मी तिला सांगतो."

मावशीने तेही करून बघितलं. म्हणाली, "बरं, तिला सांग, काल दुकानात एक मांजर आलं. फळांच्या खोक्यात शिरून झोपलं. हलेचना. शेवटी मी त्याच्या भोवतीने संत्री रचली, तरी पठ्ठ्या उठला नाही."

मुलाने मान वळवली, लेकीला काहीतरी दोन शब्द सांगितले. लेकीने मान डोलावली.

"काय सांगितलंस?"

"मांजर आलं होतं म्हणून."

"आणि झोपलं ते? संत्री?"

"आई, तिला एवढं नको असतं गं."

फोन बंद झाल्यावर मावशीने माझा फोन माझ्या हातात ठेवला. मग म्हणाली, "मी पेलाभर दिलं, ह्याने चमचाभर पोचवलं. आणि चोथा म्हणून टाकलं काय, तर मांजराची झोप." पदर खोचून ती उठली. "एकच भाषा हवी ना त्यांना? त्यांचीच हवी ना? असू दे. तीच बोलते. बघू मग मधे कोण बसतो."

शिंप्याच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे एक तरुण बाई इटालियन शिकवतात. तिकडे स्वयंपाकाचं किंवा कपड्यांच्या नक्षीचं शिकायला जाणारी पोरं त्यांच्याकडे येतात. तिथे मावशी जाऊन उभी राहिली. पुढचं संभाषण मला शिंप्याने सांगितलं. जिन्याखाली बसून त्याला वरचं सगळं ऐकू येतं, आणि त्याला आजवर कुणी भोंगा म्हटलेलं नाही, याची नोंद असावी.

"आजी, कुठली परीक्षा द्यायची आहे?" बाईंनी विचारलं.

"परीक्षा नाही. संत्रं."

"म्हणजे?"

"साल, फोड, बी, रस. गोड, आंबट, कच्चं, पिकलेलं. एवढं शिकवा."

"आपण पहिल्यांदा नमस्कार शिकू. मग माझं नाव अमुक, मी अमुक ठिकाणची."

"नातीला माझं नाव माहीत आहे. आणि मी कुठली, हे तिने अजून विचारलेलं नाही. विचारलं की येईन."

"आजी, भाषा अशी सुटी मिळत नाही हो."

"मी अर्धा ग्लास देते की. प्रत्येकाला पूर्ण ग्लासाची तहान नसते."

बाई हसल्या, पण त्याही काही मऊ नव्हत्या. अट घातली: एका शब्दाचा उच्चार मनासारखा झाल्याशिवाय पुढचा शब्द मिळणार नाही. मावशीने मान्य केलं. मात्र बाईंनी दिलेला छापील कागद तिने परतीच्या वाटेवरच घडी घालून टोपलीच्या तळाशी घातला. कागदाला वास येत नाही, तर त्यावरचा शब्द माझ्या लक्षात कसा राहणार, हा तिचा सवाल.

मी विचारलं, "पण संत्रंच का? 'कशी आहेस', 'जेवलीस का' हे आधी नको का यायला?"

"हात रिकामा असला की मी तेच विचारते, भोंगेभाऊ. कशी आहेस, बरी आहे. जेवलीस का, जेवले. झालं, संपलं. मोठी माणसंही त्याच्यापुढे जात नाहीत, पोर काय जाणार? काहीतरी हातात असलं की बोलणं सुचतं. आणि माझ्या हातात दुसरं काय असतं?"

मग सुरू झाला चौकातला इटालियनचा वर्ग. अर्धुक यंत्रातून काढलं की सालीकडे बघून "बुच्चा". चाकूच्या टोकाला बी लागली की "सेमे". रस ग्लासात पडला की "सुक्को". या शब्दावर मात्र तिचं आणि बाईंचं वाजलं. रसाला सुक्को म्हणणाऱ्या माणसांना कधी तहान लागली असेल यावर तिचा विश्वास बसेना. औषधवाल्याने ते उचललं आणि रोज दुपारी खिडकीतून हात घालून ओरडू लागला, "मावशी, एक सुक्को, बर्फ नको." तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त साहेब एकदा रस पिता पिता म्हणाले, "या वयात नवी भाषा? डोक्यात जागा तरी उरते का?"

"तुमचं मला ठाऊक नाही, साहेब. मी पोटभाडेकरू ठेवले नाहीत."

पण एक अडचण होती आणि ती तिची तिलाच कळली. दुकानात ती संत्रं कापायची. नात ते सोलून खाणार. साल बोटांनी निघायला हवी, फोड अख्खी सुटायला हवी, तरच "बुच्चा" आणि "स्पिक्यो" म्हणता येणार. स्पिक्यो म्हणजे फोड. आणि मावशीने हाताने संत्रं सोलून किती वर्षं झाली होती देव जाणे. अंगठा खुपसला की रसाची पिचकारी डोळ्यात. फोड काढायला जावं तर तिचा लगदा. म्हणून सकाळी दार लावून सराव चालायचा. एखादी फोड धड निघाली की ती तोंडात टाकून मावशी स्वतःच स्वतःला शाबासकी द्यायची: दोल्चे. म्हणजे गोड. इस्त्रीवाल्याच्या नवरदेवाची जन्मकथा ती एवढीच.

आता ही इटालियनची बातमी मुलापर्यंत कशी पोचली ते मला माहीत नाही. त्याचा फोन माझ्याच फोनवर येतो, हा योगायोग आहे. त्या दिवशी तो चिडलेला नव्हता, थकलेला होता.

"आई, हे काय ऐकतोय मी? चुकीचे उच्चार तिच्या कानावर गेले तर घोळ आणखी वाढेल."

"सात-आठ शब्द आहेत रे. तेवढ्यात कुणाचाही घोळ होत नाही."

"ती आत्ता कुठे एखादा शब्द बोलायला लागलीय. मला भीती वाटते गं."

 त्याने मोठा श्वास घेतलेला इकडेपर्यंत ऐकू आला.

"बरं, या रविवारी एकदा बोल. पण ती गांगरली, गप्प बसली, तर ती मोठ्या शाळेत जाईपर्यंत रविवारचं राहू दे. मी फोटो पाठवत जाईन तुला."

फोन ठेवून मावशी खुर्चीत बसली. तिला भरदिवसा खुर्चीत बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आमची ही तिला पाणी द्यायला गेली तर म्हणाली, "फोटो पाठवणार म्हणे. फोटोशी बोलायला मला कुठलीच भाषा लागत नाही." मग पाणी पिऊन उठली आणि थेट शिंप्याचा जिना चढली. बाईंनी त्या आठवड्यात तिला एकही नवा शब्द दिला नाही. जुनेच घासून घेतले.

रविवारी घरूनच बोला, असं बाईंनी बजावलं होतं. मावशीने ऐकलं नाही. घरात मला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही, म्हणाली. दुपारी चौक रिकामा असतो, तेव्हा ती दुकानात आपल्या जागेवर उभी राहिली. अॅप्रन धुतलेला, केस चापून बसवलेले. समोर फळी, बाजूला यंत्र. मी खिडकीच्या बाहेर दोन्ही हातांत फोन धरून, फोटोवाल्याने धरावा तसा. औषधवाला उगाचच स्वतःच्या दुकानाची पायरी झाडत होता.

फोन लागला. नात आईच्या मांडीवर बसलेली, अंगठा तोंडात. मुलगा शेजारी, पंचासारखा ताठ.

मावशीने संत्रं वर धरलं. "अरांचा."

नात बघत राहिली.

"अरांचा," मावशी पुन्हा म्हणाली. काहीच नाही. मुलाने खाली बघितलं.

आता पुढची पायरी सोलण्याची. अंगठा रोवायचा, साल उचलायची, बुच्चा म्हणायचं. पण ती उभी होती आपल्या जागेवर, आणि त्या जागेवर तिचे हात तिला विचारत नाहीत. डाव्या हाताने संत्रं फळीवर ठेवलं, उजव्याने चाकू उचलला, आणि खच्. आडवं, मधोमध. दोन अर्धुकं फळीवर उताणी.

आम्हा तिघांनाही एकदमच कळलं: मला, तिला आणि पायरी झाडणाऱ्याला. आता साल सुटणार नाही. फोडही निघणार नाही, कारण एकूण एक फोड मधोमध चिरलेली. आठवडाभर ओळीने रचलेले शब्द होते, त्यातला पहिलाच खाली पडला आणि मागचे सगळे त्याच्यावर कोसळले. दुसऱ्याच कुणीतरी कापली असावीत तशी मावशी त्या अर्धुकांकडे बघत होती.

"असू दे आई," मुलगा हळूच म्हणाला. "पुन्हा कधीतरी."

तेवढ्यात नात मांडीवरून घसरली आणि फोनकडे आली. इतकी जवळ, की माझ्या हातात नुसतं एक नाक आणि एक डोळा. अंगठा तोंडातून बाहेर आला आणि काचेवर टेकला.

"रुओता," ती म्हणाली.

"ती म्हणतेय की—"

"तू थांब," मावशी म्हणाली. "तुझ्याशी बोलत नाहीये ती."

हा शब्द बाईंनी दिलेला नव्हता. मावशीने एक अर्धुक उचलून काचेसमोर धरलं. "रुओता?"

नातीने मान हलवली. नाही. तिचा र सायकलच्या घंटीसारखा वाजत होता, मावशीचा दगडासारखा पडत होता. "रुओता," नात मोठ्याने म्हणाली. मावशीने पुन्हा म्हणून बघितलं. "नो, नोन्ना." नोन्ना म्हणजे आजी, एवढं मलाही माहीत झालं होतं. पण त्या पोरीने ते स्वतःहून म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मावशीनेही.

पोर गायब झाली. परत आली ती एक खेळण्यातली मोटार घेऊन. मोटार उलटी केली, बोटाने चाक फिरवलं आणि एखाद्या मठ्ठ विद्यार्थिनीला सांगावं तसं सावकाश म्हणाली, "रुओता."

चाक. आडवं कापलेलं संत्रं, मधे पांढरा ठिपका, भोवती फोडींचे आरे. मावशी रोज शेकडो चाकं कापत आली होती आणि तिला एकही दिसलं नव्हतं. मलाही नाही.

तिने ते अर्धुक फळीवर उभं केलं आणि ढकललं. ते डुगडुगत गेलं, काठावरून घरंगळलं आणि माझ्या बुटावर पडलं. फोनमधून जे हसू आलं ते ऐकून औषधवाल्याने झाडू खाली ठेवला. मग नात बोलली. एक शब्द नाही, चांगलं लांबलचक काहीतरी, मधे श्वास घेऊन. मुलाने ते आम्हाला सांगितलं नाही. तो स्वतःच ऐकत बसला होता.

मावशीलाही तो अर्थ कळला नसणार, पण तिने दुसरं संत्रं उचललं आणि कापलं. तिकडे नातीने आईला स्वयंपाकघरात पिटाळलं, संत्रं आणवलं आणि आईने सोलायला घेतलं तर तिचा हात धरला. आडवं कापायला लावलं. आता काचेच्या अलीकडे चाकं आणि पलीकडेही चाकं. मावशीने चाकूच्या टोकाने बी काढून दाखवली. "सेमे." तिकडे बोटाने बी उकरली गेली. "सेमे." मावशीने सालीवर टिचकी मारली. "बुच्चा." नातीने सालीवर टिचकी मारून पाहिली, आवाज आला नाही म्हणून परत मारली. "दोल्चे?" मावशीने विचारलं. पोरीने अर्धुक चाटलं आणि तिचा चेहरा असा काही आवळला की सगळं अंगच आंबट झालं. "आचेर्बा," मावशी हळहळून म्हणाली. म्हणजे कच्चं. "आचेर्बा," नात डोळे मिटून म्हणाली. त्यानंतर मावशीचं प्रत्येक म्हणणं ती दुरुस्त करत होती, आणि मावशी पुन्हा पुन्हा चुकत होती. काही चुका मुद्दाम केल्यासारख्या वाटल्या, पण मी खात्रीने सांगणार नाही.

बऱ्याच वेळाने मुलाने फोन आपल्याकडे घेतला. त्याचे डोळे जरा ओले होते, पण माणूस मावशीचाच, लगेच कशाला कबूल होतोय.

"छान झालं, आई. पण तुझा र चुकतो. आणि इकडे असं आडवं कापून कुणी खात नाही, तिला उगीच सवय लागेल. पुढच्या वेळेपासून मी मधे बसतो, म्हणजे तुझे शब्द मला तपासून देता येतील."

मावशीने चाकू पुसला, फळीवर ठेवला आणि माझ्या हातातला फोन स्वतःच्या तोंडासमोर ओढला.

"तू मधे बसू नकोस. माझं चुकतं आणि ती सुधारते, तेवढ्यात आमच्या दोघींचं बोलणं होतं. तुझं सगळं बरोबर असतं, म्हणून तुझ्याशी दोन मिनिटांत संपतं. पुढच्या रविवारी फोन तिच्या हातात दे, आणि तू जाऊन भांडी घास."